बटण दाबलं की झालं

मी एअर फ्रायर बोलतोय, आणि मी चिडलेलो आहे.

आमच्या जातीला चिडायची सोय नसते. दोनशे अंशांवर तापायचं, ठरलेल्या मिनिटाला टिंग करायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत गप्प बसायचं, एवढीच आमच्याकडून अपेक्षा. सव्वादोन वर्षं मी ती पुरी केली. आता एका दुरुस्तीच्या दुकानातल्या फळीवर बसलोय. एका बाजूला दांडी मोडलेली इस्त्री, दुसऱ्या बाजूला मुका झालेला रेडिओ. दोघंही माझं ऐकून ऐकून कंटाळलेत. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मला स्वयंपाक येत नाही. माझ्या पोटात वर तारेचं एक वेटोळं आहे, ते तापतं. त्याच्यावर एक पंखा आहे, तो गरम हवा खाली ढकलतो. खाली जाळीचं भांडं आहे आणि बाहेर एक घंटी आहे. झाला माझा सगळा संसार. मी गरम वारा फिरवतो. याच्यापलीकडे जे काही माझ्या नावावर सांगितलं जातं, ते खोटं आहे, आणि त्या खोट्याचाच मला राग आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे जात होतो आणि दोन्ही बाजूंचे हात माझ्यात काही ना काही बसवत होते. पंखा बसवणारी बाई मला अजून आठवते. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. चार स्क्रू पिळून झाले की ती पात्याला एक टिचकी मारायची, नीट फिरतंय ना हे बघायला. दिवसभर तेच. माझ्या आयुष्यातला पहिला स्पर्श तो, त्या टिचकीचा.

मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर फोटो होता. पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक गृहस्थ माझ्या बटणावर बोट ठेवून हसत होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बटण दाबलं की झालं.' चिकटपट्टीवाली बाई फोटोत कुठेच नव्हती. मी तेव्हा कोवळा होतो. मला वाटलं, जागा पुरली नसेल.

मला घरी आणलं ते शेफने. हा त्या घरातला धाकटा मुलगा. त्याने कुठल्याही स्वयंपाकघरात एक दिवस नोकरी केलेली नाही. मोबाइलवर पाककृतींचं चॅनेल काढलं, दोन उंच टोप्या विकत आणल्या, आणि तेव्हापासून त्याची आईसुद्धा त्याला शेफच म्हणते. 'शेफ, चहा घेतोस का रे?' असं. चहा अर्थात दुसरंच कुणी करतं.

ते दुसरं कुणी म्हणजे वहिनी. त्याच्या मोठ्या भावाची बायको. मोठा भाऊ इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम करतो. हे लक्षात ठेवा.

खोकं फोडताना शेफ म्हणाला, "वहिनी, खास तुमच्यासाठी आणलंय. आता तुमचं काम निम्मं."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई," सासूबाई म्हणाल्या. "नशीब काढलंस."

वहिनीने माझी जाळी काढली, धुतली, पुसली, तिच्या तळावर पंजा पसरून ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटली, "यात मावणार किती?"

तोवर कुणी मला हे विचारलं नव्हतं. कारखान्यात नाही, दुकानात नाही. उत्तर मी तुम्हाला देतो. बारा. कोळंबीचे बारा घास, एका थरात, एकमेकांना न चिकटता. तेराव्याला मी जागा देऊ शकत नाही, कारण तेराव्याच्या जागेतून वारा जायचा असतो.

लग्नाआधी वहिनी मासळी साफ करण्याच्या कारखान्यात कामाला होती. रबरी बूट, बर्फाचं पाणी आणि समोर कोळंबीचा ढीग. तिथून तिच्या हातात एक नजर आली आहे, असं मी म्हणेन. कोळंबी हातात घेतली की ती डोकं कधी काढते, पाठीवर सुरी कधी फिरवते आणि काळा धागा कधी ओढून टाकते, हे मोजताच येत नाही. मी ओट्यावरून सव्वादोन वर्षं बघत होतो. मला नाही आलं मोजता.

मी येण्यापूर्वी त्या घरात तळलेली मासळी आठवड्यातून एकदा व्हायची. कढई, तेल, धूर, त्यामुळे कुणी रोज मागायचं धाडस करत नव्हतं. मी आलो आणि सगळ्यांची भीड चेपली. "तेल नाही, धूर नाही, करायला काय लागतं?" आठवड्यातून एकदाचं चारदा झालं. शिवाय शेफची मित्रमंडळी. शिवाय चॅनेल. काम निम्मं होणार होतं ते चौपट झालं, आणि याला कारण मी. मी त्या बाईच्या मदतीला आणलेला.

करायला काय लागतं ते सांगतो, कारण कुणीच सांगत नाही.

कोळंबी सोलायची, धागा काढायचा, तीन पाण्यांतून काढायची. मग फडक्यावर पसरून, वर दुसरं फडकं दाबून कोरडी करायची. अगदी कोरडी. ओली कोळंबी माझ्यात घातली तर ती भाजली जात नाही, घामेजते. लसूण वाटायचा, लिंबू पिळायचं, मिरी कुटायची. पावाचा चुरा आधी चमचाभर तेलात तव्यावर परतून घ्यायचा, कारण माझ्या वाऱ्याला कोरड्या चुऱ्यावर रंग चढवता येत नाही. हे वहिनीने दोन वेळा फसून शोधलं. मग पीठ, मग अंडं, मग चुरा, प्रत्येक घास वेगळा, आणि एक हात ओल्यासाठी, एक कोरड्यासाठी. मासळीचे तुकडे दीड इंचाचे, सगळे सारखे. माकूळ, म्हणजे स्क्विड, असेल तर त्याच्या चकत्या दोन मिनिटं आधी काढायच्या, नाहीतर रबर चावल्यासारखं होतं.

मग मला रिकामा असताना तापवायचं. बारा घास. वर ब्रशने तेलाचा एक हात. सहा मिनिटं, उलटायचे, आणखी तीन. पुढचे बारा. पुढचे बारा. वीस माणसांना चार-चार घास द्यायचे तर सात खेपा. सव्वा तास ती माझ्यासमोर उभी. पाय बदलत.

आणि मग मोबाइल तिकाठीवर चढायचा आणि शेफ टोपी घालून यायचा.

त्याचा व्हिडिओ तीन मिनिटांचा. सोललेली, कोरडी केलेली कोळंबी वाडग्यात तयार. तो वाडगं कॅमेऱ्याला दाखवतो. "फ्रेंड्स, ही आपली कोळंबी." कुठून आली, स्वर्गातून पडली. मग तो माझ्या जाळीत छिद्रांचा कागद ठेवतो, कारण पांढरा कागद दिसायला छान दिसतो. माझा कप्पा बंद करतो. बटण दाबतो. आणि पुढच्याच क्षणाला पडद्यावर सोनेरी घासांनी भरलेलं ताट येतं. मधली सात खेपांची वहिनी कापलेली असते. एकदा तिची दोन बोटं चुकून चित्रात राहिली तर त्याने पुन्हा चित्रण केलं. "वहिनी, हात मध्ये येतोय तुमचा."

व्हिडिओच्या शेवटी तो माझ्या डोक्यावर थोपटतो आणि म्हणतो, "कष्ट शून्य. बटण दाबलं की झालं."

माझ्या डोक्यावर थोपटून. मला त्या वेळी हात असते ना.

त्या दारावर दर मंगळवारी मासळीवाली मावशी यायची. टोपली उतरवून दारातच बसायची. तिच्या जिभेवर कधी पीठ लागलं नाही, जे असेल ते उघडं. एका मंगळवारी कोळंबी निवडता निवडता ती म्हणाली, "का गं, तुझा शेफ कोळंबीचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं, ओळखतो का?"

"हळू बोल मावशी, आत आहेत ते."

"असू दे. माझ्याकडून घेतोय थोडाच, तू घेतेस." मग ती जरा पुढे सरकली. "ऐक. बंदराजवळच्या मोठ्या हॉटेलला मी माल घालते. तिथली मुख्य स्वयंपाकीण मला विचारत होती, मासळीत हात बसलेली कुणी बाई आहे का. छोटे छोटे घास करायचे काम, पार्ट्यांचं. मी तुझं सांगितलंय. रविवारी अकरा वाजता करून दाखवायचं. एकच दिवस बोलावणार, पुन्हा नाही."

"मला जमेल का गं?"

"मला काय विचारतेस. तुझ्या हाताला विचार."

त्या दिवशी वहिनीने कोळंबी दोनदा पुसली. दुसऱ्यांदा पुसायची गरज नव्हती. मी ओळखलं, या बाईला जायचं आहे. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट असणार होती.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. मी ओट्यावर होतो, सगळं ऐकलं.

"रविवारी मला सकाळी बाहेर जायचंय. हॉटेलात परीक्षा आहे, कामासाठी."

शेफने घास थांबवला. "या रविवारी? वहिनी, या रविवारी लाइव्ह ठेवलंय मी. चॅनेलला लाख लोक झाले. शेजारचे, मित्र, सगळे घरी बोलावलेत. साठ बाइट्स."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आता सांगतोय ना."

"मग पुढच्या रविवारी ठेवा, भावजी."

"असं कसं? लोकांना शब्द दिलाय मी."

"मीही दिलाय."

सासूबाई म्हणाल्या, "घरात पाहुणे आणि घरची सून बाहेर रांधायला जाणार? लोक काय म्हणतील?"

"आई, मी थकले म्हटलं की तुम्ही म्हणता, मशीन करतं सगळं, तू काय करतेस. मग रविवारी मशीनला करू द्या की."

"उलटून बोलू नकोस. मशीनला कुणीतरी लागतंच ना बघायला."

ऐकलंत? थकायची वेळ आली की सगळं मशीन करतं. जायची वेळ आली की मशीनला कुणीतरी लागतं. सव्वादोन वर्षांत मला माझी लायकी त्या एका मिनिटात कळली. मी मदत नव्हतो. मी तिच्या तोंडावर मारायचं कारण होतो.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं जशी दाराच्या फटीकडे बघत असतील, तसं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "बघू. अजून चार दिवस आहेत."

तो माणूस वाईट नाही. मला वाईट नसलेल्या माणसांचा जास्त राग येतो.

चार दिवस कुणी काही पाहिलं नाही. शनिवारी दुपारी वहिनीने सगळी मासळी साफ केली, कोरडी केली, साठच्या साठ घास चुऱ्यात घोळवून ताटांत मांडले, झाकून फ्रिजमध्ये ठेवले. मग एका कागदावर लिहिलं आणि तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला. अक्षरं मोठी होती, मला ओट्यावरून वाचता येत होती. 'आधी रिकामा तापवा. कागद नंतर, घासांच्या वजनाखाली. एका वेळी बारा. सहा मिनिटं, उलटा, तीन मिनिटं. घाई नको.'

"भावजी, एवढं फक्त वाचून घ्या."

"वहिनी," शेफ हसला, "लाख लोक माझ्याकडून शिकतात. तुम्ही मला शिकवणार?"

रविवारी साडेनऊला ती निघाली. स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलेली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या होत्या. वहिनी त्यांच्या अगदी समोर जाऊन थांबली आणि म्हणाली, "आई, वाट द्या." आवाज चढला नव्हता. बहुधा म्हणूनच वाट मिळाली.

नवरा स्कूटरची किल्ली हातात फिरवत उभा होता. म्हणाला, "बस मिळेल ना तुला?"

"मिळेल," ती म्हणाली आणि गेली.

किल्ली तो बराच वेळ फिरवत राहिला.

साडेबाराला लाइव्ह सुरू झालं. बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वीसेक माणसं, ओट्यासमोर तिकाठीवर मोबाइल, शेफची टोपी कडक. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला खरोखरच काही माहीत नाही. मला वाटायचं, त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो फक्त लपवतो. तसं नव्हतं. चित्रणाच्या वेळी तो बटण दाबून आतल्या खोलीत जायचा आणि ताट भरलं की परत यायचा. मधे काय होतं ते त्याने आपल्याच व्हिडिओत बघितलेलं, आणि तिथे ते त्यानेच कापलेलं. स्वतः सांगितलेली थाप त्याने स्वतःच शिकून घेतली होती. आदल्या रात्री तो सोफ्यावर बसून स्वतःचाच व्हिडिओ बघत होता, तयारी म्हणून. फ्रिजवरचा कागद तिथेच.

त्याने व्हिडिओत असतं तसंच केलं. रिकाम्या जाळीत छिद्रांचा कागद ठेवला, कप्पा बंद केला, मला तापायला लावलं. माझा पंखा सुरू झाला. बिनवजनाचा कागद उडाला आणि थेट वेटोळ्याला चिकटला. मी काय करणार? मला थुंकता येत नाही. कागद काळा पडला, पेटला, माझ्या पाठीतून धूर आला.

"हा आपला स्मोकी फ्लेवर, फ्रेंड्स," शेफ म्हणाला. अर्धा जळका कागद त्याने चिमट्याने ओढला. अर्धा आत राहिला.

मग त्याने साठच्या साठ घास जाळीत ओतले. हो, ओतले. मी इतका गच्च कधी भरलो नव्हतो. वारा वरच्या थरावर आपटून परत यायचा. वरचे करपू लागले, मधले नुसते कोमट झाले, खालचे आपल्याच वाफेत लगदा. एकेक घास तिने वेगळा घोळवला होता. दहा मिनिटांनी मी टिंग केलं. त्या टिंगची मला आजही लाज वाटते.

पहिलं ताट फिरलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी घास तोडला, थांबले, आणि सभ्यपणे रुमाल तोंडाला लावला. एक मित्र म्हणाला, "अरे, आतून करडी आहे ही. जिवंत आहे का अजून?" कुणीतरी हसलं. मोबाइलवर लोकांचे निरोप भराभर वर सरकत होते आणि शेफचा चेहरा ते वाचत खाली खाली येत होता.

"एक मिनिट फ्रेंड्स, मशीन जरा नाटक करतंय."

मी नाटक करत होतो.

त्याने माझा कप्पा पुन्हा बंद केला, तापमानाचा काटा टोकाला नेला, आणि खिशातल्या दुसऱ्या मोबाइलवरून लाख लोकांसमोर वहिनीला फोन लावला. स्पीकर सुरू राहिलेला त्याला कळलंच नाही. रिंग वाजत राहिली. वहिनीचा फोन हॉटेलच्या कपाटात कुलूपबंद होता, हे आम्हाला मागाहून कळलं. रिंग वाजत होती, मी धुमसत होतो, आणि तेवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतून तरातरा आल्या.

"अरे, बंद कर ते. रोज ती करते म्हणून होतं. तुला काय कळतंय त्यातलं? तू कधी केलंयस का आजवर?"

सासूबाईंना तिकाठीवरचा मोबाइल चालू असल्याचं भान नव्हतं. सव्वादोन वर्षांतलं पहिलं खरं वाक्य त्या घरात बोललं गेलं होतं, आणि तेही जिच्याबद्दल होतं ती घरात नसताना.

मग त्यांनी घाबरून पातेलंभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. फट्. घरभरची वीज गेली, इंटरनेट गेलं, लाइव्ह गेलं. मीही गेलो. आनंदाने गेलो, हे कबूल करतो.

वहिनी चार वाजता परतली. दारातच वास आला असणार. ओट्यावर पाण्याचं तळं, मी मधोमध काळा, आणि टोपी नसलेला शेफ खुर्चीत.

"तुमच्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "मशीन बिघडलेलं होतं, सांगायला नको?"

"नाक कापलंस आमचं," सासूबाई म्हणाल्या.

नवरा फरशी पुसत होता. पहिल्यांदाच पुसत असावा, पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलत होता. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की तुझं काय झालं. तेव्हा तिनेच सांगितलं.

"मला घेतलं. बुधवारपासून जायचंय. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा."

"नऊ ते सहा?" सासूबाई खालीच बसल्या. "मग इथलं रोजचं कोण करणार?"

वहिनीने पिशवीतली सुरी काढली, धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी जळका, भिजका, तोंड उघडं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"मशीन आहे ना," ती म्हणाली. "बटण दाबलं की झालं."

आयुष्यात हे वाक्य मी हजारदा ऐकलं. पहिल्यांदाच आवडलं.

मंगळवारी मासळीवाली मावशी आली आणि टोपली उतरवण्याआधी म्हणाली, "सांग."

वहिनी दारात उकिडवी बसून सांगू लागली. "आम्ही सहा जणी होतो. मुख्य बाईने प्रत्येकीला मोठं तबक दिलं आणि म्हणाली, घास मांडून भट्टीत घाला. बाकीच्या पाच जणींनी तबक काठोकाठ भरलं. मी निम्मंच भरलं. ती मुख्य बाई माझ्यापाशी आली. म्हणाली, निम्मं तबक रिकामं का, कामचुकारपणा का? मी म्हटलं, रिकामं नाहीये बाई, तिथून वारा जातो."

"मग?"

"मग काही नाही. ती म्हणाली, बुधवारी ये."

मावशी टोपलीवर हात आपटून हसली. तिने एक पापलेट वहिनीच्या हातात ठेवलं आणि टोपली उचलून चालू लागली.

बुधवारी सकाळी शेफने मला पिशवीत कोंबून या दुकानात आणलं.

"काय झालं होतं?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"आपोआप जळालं. कंपनीचा माल भिकार."

दुरुस्तीवाल्याने माझं झाकण उघडलं, चिमट्याने वेटोळ्यातून कागदाचा काळा तुकडा ओढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "हा आपोआप आत गेला?"

शेफ पावती न घेताच निघून गेला. त्याच आठवड्यात त्याने नवा व्हिडिओ टाकला, 'एअर फ्रायर घेताय? सावधान.' दुरुस्तीवाल्याने तो काम करता करता माझ्यासमोरच पाहिला. आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिलाय म्हणे. चुकलं त्याचं, बदनाम मी. माझं सोडा, मी लोखंड आहे. पण त्या व्हिडिओतही ती नाही. सासूबाईंचं ते एक वाक्य लाइव्ह ऐकणाऱ्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विसरले. लोक जळलेली यंत्रं लक्षात ठेवतात.

वहिनी एकदा दुकानात येऊन गेली, हॉटेलातून परतताना. केस टोपीखाली दाबल्याची खूण कपाळावर होती. दुरुस्तीवाल्याने मला नवं वेटोळं बसवलेलं, पंखा जुनाच. तिने झाकण उघडून पात्याला टिचकी मारली, फिरतं का बघायला. ती टिचकी मी ओळखली. त्या शेडमधली बाई आणि ही बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण टिचकी तीच.

"घेऊन जाताय का?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"नको. घरी तव्यावर चाललंय त्यांचं. मी तव्यासाठी नवा कागद लावलाय फ्रिजवर, माझे मिस्टर तो वाचून वाचून करतात. परवा अंगठा कापला." ती हसली. "लागेल त्याला द्या."

नवऱ्यासाठी मी टाळ्या वाजवणार नाही. इतक्या वर्षांनी एक अंगठा कापून घेतला म्हणून कुणी मोठा होत नाही. पण कागद वाचतो, हे खरं.

तर मी लागेल त्याचा आहे. तुम्ही कदाचित मला न्याल. न्या. मी तापेन, फिरेन, टिंग करेन. माझ्यात गच्च भरू नका, एवढं माझ्यासाठी. आणि पाहुण्यांसमोर ताट ठेवताना माझ्या डोक्यावर थोपटून 'यानेच केलं' असं म्हणायचा मोह झाला, तर आधी ओट्याकडे बघा. तिथे एक ओलं फडकं वाळत असेल. ते कुणी पिळलं, तेवढं विचारा, आणि ताटातला पहिला घास तिला द्या. ती उभी असेल. बसायला खुर्चीही द्या.